नर्स कुठे टिकतात आणि कुठून निघून जातात

मोठ्या हॉस्पिटलात हमखास दिसणारी एक गोष्ट आहे. एकाच मजल्यावर दोन वॉर्ड. पगार तोच, गणवेश तोच, मेट्रन तीच, पेशंटही साधारण सारख्याच आजारांचे. तरी एका वॉर्डमधून बदलीचे अर्ज येत राहतात, आणि शेजारच्या वॉर्डमध्ये ड्युटी लागावी म्हणून नर्स आधीपासून शब्द टाकून ठेवतात. पगार सारखाच असल्यामुळे तो याचं कारण असू शकत नाही. स्वभावही नसतो, कारण पहिल्या वॉर्डात सदा वैतागलेली नर्स दुसरीकडे गेल्यावर बरेचदा ओळखू येणार नाही इतकी खुलते.

फरक असतो कामाच्या ठिकाणच्या वातावरणाचा. ऐकायला हे मोघम वाटतं. ‘आमच्याकडे वातावरण चांगलं आहे’ असं प्रत्येकच संस्था म्हणते. पण नर्सिंगमध्ये या वातावरणाचा अनेक दशकं अभ्यास झाला आहे. ते मोजायची साधनं आहेत आणि त्याचा संबंध नर्सच्या समाधानाशी, राजीनाम्यांशी, थेट पेशंटच्या जिवाशीही लागलेला आहे.

वातावरण आणि समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वातावरण म्हणजे वॉर्डमधल्या सगळ्यांना रोजच्या अनुभवातून कळलेला हिशेब. इथे कशाला मान आहे, कशावरून बोलणी बसतात, अडलं तर कोणाला विचारता येतं, ऐन गर्दीत कोण धावून येतं. नियमांची फाईल काहीही सांगत असली तरी हा हिशेब नव्या नर्सला पंधरा दिवसांत पाठ होतो. समाधान मात्र ज्याचं त्याचं. खोलीतला उकाडा सगळ्यांना एकच असतो, घाम प्रत्येकाला कमी-जास्त येतो, तसं हे आहे. म्हणून संशोधक आधी एकेकीला वेगळं विचारतात आणि मग एका वॉर्डमधल्या उत्तरांचा मेळ बसतो का ते पाहतात. उत्तरं जुळली तर ती त्या वॉर्डची गोष्ट. एकीचंच उत्तर वेगळं असेल तर ती तिची गोष्ट.

या विषयाला खरी दिशा मिळाली ती अमेरिकेत, १९८०च्या आसपास. नर्सची मोठी चणचण होती आणि जो तो ‘नर्स सोडून का जातात’ याची चर्चा करत होता. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने प्रश्न उलटा केला: या टंचाईतही काही हॉस्पिटलांत नर्स येतात आणि राहतात, तिथे वेगळं काय आहे? १६३ हॉस्पिटलं तपासून त्यांनी ४१ निवडली आणि १९८३ मध्ये अहवाल काढला. या ४१ ठिकाणांना ‘मॅग्नेट हॉस्पिटल’ हे नाव पडलं. तिथे नर्सिंगच्या प्रमुखाला वरच्या निर्णयांत खरोखर जागा होती, वॉर्डमधल्या नर्सला आपल्या कामाबद्दल स्वतः ठरवता येत होतं, मनुष्यबळ पुरेसं होतं आणि शिकायची सोय होती. त्यातूनच पुढे १९९०च्या दशकात मॅग्नेट मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली.

या कामाचा धागा पकडून आयलीन लेक यांनी २००२ मध्ये ३१ विधानांची प्रश्नावली तयार केली. जगभरात आज नर्सच्या कामाचं वातावरण मोजायला ती सर्रास वापरली जाते. तिच्यात पाच गोष्टी येतात: हॉस्पिटलच्या कारभारात नर्सचा सहभाग, चांगल्या शुश्रूषेची घडी, इनचार्जची, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरची, कुवत आणि पाठिंबा, माणसं आणि साधनं यांचा पुरेसेपणा, डॉक्टरांशी असलेले कामाचे संबंध. प्रश्नांची पद्धत मला महत्त्वाची वाटते. ‘तुम्ही खूश आहात का’ असं त्यात कुठेच नाही. अमुक गोष्ट तुमच्या आत्ताच्या नोकरीत आहे का, एवढंच विचारलेलं असतं. भावना विचारली की माणूस सावरून बोलतो. पुरेशा नर्स आहेत का असं विचारलं की खरं उत्तर येतं.

या पाचांत सगळ्यात जड पारडं माणसांच्या संख्येचं आहे, असं माझं मत आहे आणि आकडेही तेच सांगतात. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेला पेशंट ३० दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्स कामाने पार पिळून निघण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, आणि नोकरीबद्दल असमाधानी असण्याची १५ टक्क्यांनी. हे टक्के एकावर एक चढतात. नर्समागे चारऐवजी आठ पेशंट असतील तर मृत्यूची शक्यता ३१ टक्क्यांनी वाढते, असं त्याच अभ्यासात मांडलं होतं. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांची आणि चार लाख बावीस हजारांहून जास्त पेशंटची माहिती तपासली, तेव्हाही एका जादा पेशंटमागे पुन्हा तोच ७ टक्क्यांचा आकडा आला. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या व्यवस्थांत तेच पुन्हा दिसू लागलं की कानाडोळा करणं अवघड होतं.

आता कोणी म्हणेल, यात नवल ते काय, काम वाढलं की माणूस दमणारच. पण नुसता थकवा हे असमाधानाचं मूळ नाही. नर्स दमून घरी जाते आणि तरी समाधानी असते, असे दिवस प्रत्येकीच्या वाट्याला आलेले असतात. इव्हिनिंग ड्युटीचे दोन तास जवळून पाहिले तर मूळ सापडतं. सहाची औषधं द्यायची आहेत. ट्रॉली तिसऱ्या खाटेपाशी पोचते न पोचते तोच कॅज्युअल्टीतून नवा पेशंट येतो. त्याला खाटेवर घेऊन सुई लावेपर्यंत कोपऱ्यातल्या आजोबांचं ऑक्सिजन खाली जातं. लॅबचा फोन वाजतोय. काउंटरवर एक नातेवाईक तिसऱ्यांदा तेच विचारतोय, आणि त्याचंही चुकत नाहीये, कारण त्याला पहिल्या दोन वेळा कोणी धड उत्तरच दिलेलं नाही. अशा वेळी नर्स काय उरकते? ज्याला चार्टवर रकाना आहे ते. इंजेक्शन, सलाईन, बीपी, तापमान. आणि काय सुटतं? कूस बदलून देणं. तोंडाची स्वच्छता. ऑपरेशन झालेल्याला हाताला धरून चार पावलं चालवणं. उद्या घरी जाणाऱ्या बाईंना इन्सुलिन कसं घ्यायचं ते त्यांच्याकडून एकदा करून घेणं. भेदरलेल्या माणसाजवळ पाच मिनिटं बसणं.

बीट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये या सुटणाऱ्या कामांची नीट मांडणी केली आणि तेव्हापासून ‘सुटलेली शुश्रूषा’ हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला. गंमत, म्हणजे खरं तर गंमत नव्हे, ही की सुटणारी बहुतेक कामं तीच असतात ज्यांच्यासाठी मुली या पेशात येतात. चार्ट पूर्ण असतो, ड्युटी बदलताना हॅन्डओव्हर बिनचूक होतो, कोणी बोलत नाही. घरी गेल्यावर मात्र त्या आजींची कूस बदलायची राहिली हे आठवत राहतं, आणि दोन दिवसांनी त्यांच्या पाठीवर लाल चट्टा दिसला की ते जास्तच सलतं. योग्य काय ते माहीत आहे, पण ज्या व्यवस्थेत काम करतो ती ते करू देत नाही, या कोंडीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश म्हटलं. तो आठवड्याच्या सुट्टीत झोप काढून जात नाही.

याच धाग्याला लागून एक जुना अभ्यास आहे. इझाबेल मेन्झीस यांनी १९५०च्या दशकात लंडनमधल्या एका मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलातली नर्सिंगची व्यवस्था बारकाईने पाहिली. तिथे शिकाऊ नर्सपैकी सुमारे एक तृतीयांश मुली प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून जात. मेन्झीस यांना दिसलं ते असं: आजार, वेदना, मृत्यू यांच्या सतत जवळ राहण्याची भीती मोठी असते, आणि ती जाणवू नये म्हणून हॉस्पिटलने नकळत कामाची अख्खी रचनाच तशी घडवली होती. एका नर्सकडे एक पेशंट पूर्णपणे द्यायचा नाही, कामाचे तुकडे करून एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचे. पेशंटचा उल्लेख नावाने नाही, ‘दहा नंबरचं लिव्हर’ असा. स्वतः काही ठरवायचं नाही, प्रत्येक गोष्ट वरच्याकडे न्यायची, पुन्हा पुन्हा तपासून घ्यायची. यातून भीती थोडी दबत असेलही, पण कामातला आनंद मुळापासून जात होता. पेशंट बरा झाला तरी ‘माझ्या हातून बरा झाला’ असं कोणालाच म्हणता येत नव्हतं. आणि सोडून जाणाऱ्यांत उत्तम नर्स होऊ शकल्या असत्या अशा बऱ्याच मुली होत्या. पासष्ट वर्षं होऊन गेली, तरी अनेक वॉर्डांत ‘सात नंबरची सलाईन संपली का गं’ हे ऐकू येतं. घाईत ते चालायचं. पण सगळा कारभारच त्या धर्तीवर चालत असेल तर समाधानाची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

मग इनचार्ज सिस्टर. मेट्रन, सुपरिटेंडेंट, संचालक यांच्याबद्दल नर्सचं मत काही असो, रोजचं वातावरण ठरतं ते इनचार्जच्या टेबलापाशी, आणि त्यातही महिन्याच्या ड्युटी लिस्टवर. त्या एका कागदावर सगळं वाचता येतं. नाइट कोणाच्या वाट्याला सलग येतात, सुट्टीचा दिवस कोणाला बरोबर मिळतो, इव्हिनिंग रात्री संपवून सकाळी सातला पुन्हा मॉर्निंगला कोणाला यावं लागतं. नाइट कोणालाच आवडत नाहीत, तरी नाइट आल्या म्हणून कोणी फार कुरकुर करत नाही. मागच्या महिन्यात ज्यांना नव्हत्या त्यांनाच या महिन्यातही नाहीत, हे दिसलं की मन उठतं. ख्रिस्तिना मासलाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस कामात का विझतो याच्या सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला, माणसांशी नातं, न्याय आणि मूल्यं. ड्युटी लिस्ट यातल्या निदान तीन जागांना एकदम हात घालते.

इनचार्जची दुसरी कसोटी चुकीच्या वेळी लागते. एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात दोन हॉस्पिटलांतल्या आठ विभागांत औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! नीट पाहिल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, बोलून दाखवल्या जात होत्या. जिथे इनचार्ज सगळ्यांसमोर झापते, तिथे चुका होतात पण झाकल्या जातात. म्हणून एखाद्या वॉर्डचा चुकांचा रजिस्टर कोरा असेल तर मला आधी काळजी वाटते. मनात धास्ती धरून बारा तास काम करणारी नर्स समाधानी असणं कठीण, आणि तिच्या हाताखाली पेशंट सुरक्षित असणं त्याहून कठीण.

डॉक्टरांबद्दल थोडक्यात सांगता येईल. राउंडला नर्सला विचारलं जातं का, तिने रात्री फोन केला तर पलीकडून आवाज कसा येतो, एवढ्यावर बरंच अवलंबून असतं. नर्स-नर्समधला छळ ही मात्र दडपून ठेवलेली गोष्ट. नव्या मुलीला मुद्दाम न सांगणं, तिच्या चुकीवर हसणं, अवघड पेशंट तिच्याच माथी मारणं. ‘आम्हीही असंच शिकलो’ हे त्याचं ठरलेलं समर्थन. जिथे वरून दाब जास्त आणि माणसं कमी, तिथे हे फोफावतं. त्यामुळे याला निव्वळ बायकांची भांडणं म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी आधी आपली कर्मचारी संख्या तपासावी. जगातल्या नर्सपैकी सुमारे ८५ टक्के स्त्रिया आहेत, म्हणून हा टोमणा फार स्वस्तात मारला जातो.

आता पगार. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं की असमाधान आणि समाधान ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. पगार, नियम, देखरेख, कामाच्या सोयी नीट नसतील तर माणूस नाराज होतो, पण त्या नीट केल्याने तो आपोआप खूश होत नाही. खुशी येते ती कामातून, जमल्याच्या भावनेतून, कोणी दखल घेण्यातून, जबाबदारी मिळण्यातून. हे त्यांनी अभियंते आणि हिशेबनीस यांच्याशी बोलून काढलं होतं, नर्सशी नाही, आणि त्यांच्या पद्धतीवर पुढे टीकाही पुष्कळ झाली. तरी व्यवस्थापनाला हा सिद्धांत भारी आवडतो, कारण ‘पैशाने समाधान मिळत नाही’ असं म्हणून हात आखडता घेता येतो. ते वाचन सोयीचं आहे, बरोबर नाही. त्याच सिद्धांताप्रमाणे अपुरा पगार हे असमाधानाचं सरळ कारण आहे. शिवाय योहानेस सीग्रिस्ट यांनी दाखवल्याप्रमाणे घातलेले कष्ट आणि मिळणारं फळ यांचा तोल कायम बिघडलेला राहिला की त्याचा परिणाम मनावरच नव्हे, हृदयावरही होतो. पगार पुरेसा हवाच. एवढंच, की फक्त तो वाढवून बिघडलेला वॉर्ड सुधारत नाही.

समाधानाच्या आकड्यांत एक फसगतही दडलेली असते. अमेरिकेतल्या चार राज्यांतल्या हजारो नर्सचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला. ८० टक्क्यांहून जास्त नर्स आपल्या ड्युटीच्या वेळापत्रकावर समाधानी होत्या. आठवड्यातून तीन लांब ड्युट्या केल्या की चार दिवस मोकळे, हे सोयीचं पडतं, विशेषतः घरी लहान मुलं असतील तर. पण त्याच अभ्यासात दहा तास किंवा त्याहून लांब ड्युटी करणाऱ्या नर्स कामाने पिळून निघण्याची आणि नोकरी सोडायचा विचार करण्याची शक्यता अडीच पटींपर्यंत जास्त होती. तेरा तासांपेक्षा लांब ड्युट्यांचं प्रमाण वाढलं तशी पेशंटची नाराजीही वाढत गेली. म्हणजे ‘तुम्ही समाधानी आहात ना, मग झालं तर’ असं म्हणून विषय मिटवता येत नाही.

आणि पिळून निघालेल्या नर्ससाठी हॉस्पिटलं काय करतात? बहुतेक ठिकाणी ध्यानधारणेचं सत्र, ताणमुक्तीचं व्याख्यान, नर्स दिनाला केक. ध्यान वाईट नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला, म्हणजे या पिळून निघण्याला, आजार म्हटलेलं नाही, ती कामाशी निगडित अवस्था आहे आणि तिचं मूळ कामावरच्या न आवरलेल्या दीर्घ ताणात आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तरी उपाय मात्र नर्सच्या श्वासावर करायचा, तोही तिची ड्युटी संपल्यावर अर्धा तास थांबवून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

काम करणारे उपाय माहीत आहेत, ते खर्चिक वाटतात इतकंच. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये नर्समागे जास्तीत जास्त किती पेशंट याचा कायदा केला आणि २००४ पासून तो लागू झाला. अतिदक्षता विभागात एका नर्सकडे दोन, साध्या वॉर्डात पुढे पाच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २०१६ मध्ये काही सरकारी हॉस्पिटलांच्या साध्या वॉर्डांत दिवसा सरासरी चार आणि रात्री सात पेशंटांमागे एक नर्स असं प्रमाण लावलं. २०२१ मध्ये त्याचा हिशेब मांडला गेला, तेव्हा मृत्यू आणि पुन्हा भरती होणं या दोन्हींत त्या हॉस्पिटलांची स्थिती इतरांपेक्षा चांगली निघाली. जादा नर्सवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून जास्त पैसे वाचले होते, कारण पेशंट लवकर घरी जात होते आणि परत येत नव्हते.

तुमच्या हॉस्पिटलात समाधानाची पाहणी होत असेल तर पूर्ण हॉस्पिटलची सरासरी घेऊन बसू नका. तिच्यात तो एकाच मजल्यावरचा चांगला आणि वाईट वॉर्ड मिसळून ‘ठीक’ असं उत्तर येतं. वॉर्डवार आकडे मागा. किती जणींनी फॉर्म भरलाच नाही ते पाहा, कारण सगळ्यात वैतागलेल्या वॉर्डात फॉर्म भरायला ना वेळ असतो ना विश्वास. आणि ज्या सोडून गेल्या त्यांचं मत या पाहणीत येतच नाही. त्यांच्या राजीनाम्यावर ‘घरगुती कारण’ असं लिहिलेलं असतं, कारण अनुभवाचा दाखला याच हॉस्पिटलकडून घ्यायचा असतो. दाखला हातात पडल्यावर तीन-चार महिन्यांनी, त्या वॉर्डशी संबंध नसलेल्या कोणीतरी फोन करून विचारलं, तर कारण बरेचदा वेगळं निघतं.